नागमणी अक्कांच्या गल्लीचे कान

देशात कोणता आजार मोठा आणि कोणता किरकोळ हे दिल्लीत ठरतं, असं तुम्हाला वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. ते सोलापुरात आमच्या आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत, एका टेबलावर ठरतं. टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली गेल्या वर्षीच्या डेंग्यूच्या पत्रकांचा गठ्ठा घातलाय. त्या टेबलाशी मी बसतो. मी कुमार, मूळचा बार्शीचा, कंत्राटी डेटा ऑपरेटर. लग्न ठरताना सासऱ्यांना मी सांगितलं होतं, की देशाच्या आरोग्याचे आकडे माझ्या हातून वर जातात. ते म्हणाले, "ते झालं हो. पर्मनंट कधी होणार?"

वरून फॉर्म येतो. फॉर्मवर चौकोन असतात. माणसाला जे होतंय ते चौकोनात बसलं तर तो आजार, नाही बसलं तर ती नुसती तक्रार. तक्रारीसाठी सगळ्यात खाली 'इतर' नावाचा चौकोन असतो आणि त्यात शंभर अक्षरं मावतात. त्या शंभर अक्षरांत लोकांचं आयुष्य कोंबताना माझं डोकं किती फिरतं हे वर कुणाला माहीत नाही, आणि त्यासाठी चौकोनही नाही.

या चौकोनांवरून माझ्याशी सगळ्यात जास्त भांडलेली बाई म्हणजे नागमणी गड्डम. आमच्या केंद्राची आशाताई. वय पन्नासच्या पुढं, आठवीपर्यंत शिक्षण, घरात तेलुगू, दारात मराठी, आणि आवाज असा की त्या फाटकातून आत आल्या की मागच्या खोलीत मला कळायचं. लहान-थोर सगळे त्यांना अक्का म्हणतात. लसीकरणाच्या दिवशी त्या एकीला नुसतं "ये गं" म्हणाल्या तर चार बायका बाळं घेऊन उठायच्या. डॉक्टर मॅडमनी दोनदा सांगून पाहिलं, "अक्का, हळू बोला, पेशंट घाबरतात." अक्का हो म्हणायच्या. तेही ओरडूनच.

अक्का राहतात ती गल्ली यंत्रमागांची. खाली कारखाना, वर घर. सकाळी सातला माग सुरू झाले की जमिनीपासून पत्र्यापर्यंत सगळं थरथरतं, ताकाचं पातेलं ओट्यावरून आपोआप सरकतं. टॉवेल निघतात, चादरी निघतात. आत दोन माणसं बोलायची तर आवाज काढून उपयोग नसतो, म्हणून कुणी काढतच नाही. ओठ मोठे हलवायचे, भुवया उडवायच्या, बोटं नाचवायची. मी पहिल्यांदा आत गेलो तेव्हा दोन माणसं मागाच्या दोन टोकांना उभी राहून कडाकडा भांडत होती आणि मला एक शब्द ऐकू आला नाही. भांडण मिटलं तेही मला दिसलंच फक्त.

कारखान्यातला दुसरा नियम असा, की काम करणाऱ्या माणसाच्या मागून जायचं नाही. त्याला चाहूल लागत नाही. तो दचकला की हात मशिनीत जातो. म्हणून लांबून वळसा घालून त्याच्या समोर यायचं, तोंड दाखवायचं, मग काय ते. हा नियम सगळ्या गल्लीच्या अंगात इतका मुरलाय की किराणा दुकानातसुद्धा मागं कुणी आल्यासारखं वाटलं की माणूस गर्रकन वळतो. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

अक्कांचे यजमान नरसय्या याच गल्लीत जॉबर. म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. चाळीस वर्षं झाली. मागावर हात ठेवून कुठला भाग दुखतोय ते सांगतात. माणूस हसतमुख, गप्पिष्ट, पण फोनचा वैरी. मुलगी पुण्याला असते, तिचा फोन आला की नरसय्या दोन वेळा "हॅलो" म्हणायचे आणि फोन अक्कांच्या हातात द्यायचे. "रेंज न्हाई." व्हिडिओ कॉल मात्र तासभर. सहा वर्षांची नात वैष्णवी पलीकडून काहीही पुटपुटली तरी यांना सगळं कळायचं. गल्लीला वाटायचं, आजोबा नव्या जमान्याचे आहेत.

अक्का फसणाऱ्यातल्या नव्हत्या. दिवाळीच्या आधी गल्लीत पाण्याचा टँकर मागून येत होता, हॉर्न वाजत होता, लोक ओरडत होते, आणि नरसय्या त्याच्यापुढं शांतपणे पिशवी घेऊन चाललेले. भाजीवालीनं शर्टाला धरून ओढलं म्हणून वाचले. घरी येऊन म्हणाले, "डायवरला हॉर्न वाजवायला काय झालं होतं?"

त्या दिवसापासून अक्कांनी माझं डोकं खायला सुरुवात केली. "कुमारसर, तुमच्या फॉर्मात कानाचं कुटं हाय?"

"नाही अक्का. यंदा शुगर, बीपी, टीबी, कॅन्सर तपासणी..."

"डोळ्याचं हाय. दाताचं हाय. कान काय शेजारणीचा हाय काय?"

मी 'इतर'मध्ये लिहितो म्हटलं. त्यावर त्यांनी माझ्याकडं जे पाहिलं ते 'इतर'मध्ये मावलं नसतं.

आणि मग मार्चमध्ये ते मोठं सर्वेक्षण आलं. पुढच्या पाच वर्षांत देशानं कुठल्या आजारांकडं आधी बघायचं हे ठरवायला देशभरातून थोड्या वस्त्या निवडल्या होत्या, आणि चिठ्ठ्या कशा टाकल्या कोण जाणे, आमच्या शहरातून अक्कांचीच गल्ली निघाली. साठ घरं. आमच्या डॉक्टर मॅडम, सोनाली मॅडम, माळशिरसच्या. वयानं लहान, पण समजावून सांगायची हौस मोठी. त्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, की वर तीनच गोष्टी बघतात. हा त्रास किती जणांना आहे, त्यानं माणसाचं किती नुकसान होतं, आणि आपल्याच्यानं तो बरा किंवा कमी होण्यासारखा आहे का. त्यावरून यादी लागते. यादीत आलं त्याला तपासणी, औषध, मशीन, माणसं. यादीत नाही आलं ते पाच वर्षांनी पुन्हा बघू.

"पण साठ घरांवरून सगळ्या देशाचं कसं कळणार?" मी विचारलं. माझं काम आकड्यांचं असलं तरी मला ते कधी पटलं नव्हतं.

मॅडम फळ्यावर गणित मांडायला वळल्या, तेवढ्यात अक्का बोलल्या, "कळतंय की. व्यापारी येतोय, चादरीचा हातभर तुकडा नेतोय, धुऊन बगतोय आणि ट्रकभर माल मागवतोय. तसंच की ओ." मॅडमनी खडू ठेवून दिला. एवढंच पुढं म्हणाल्या, की या गल्लीतला एकेक माणूस वर साधारण दोन हजार माणसांच्या जागी मोजला जाईल.

हे त्यांनी सांगायला नको होतं. संध्याकाळपर्यंत अक्कांनी गल्लीभर सांगितलं, "तुमी आता एकटी न्हाई. तुमी दोन हजार हाय." नरसय्या दोन दिवस छाती काढून चालत होते. कोपऱ्यावरच्या फुलाबाई मला रस्त्यात अडवून म्हणाल्या, "माझ्या गुडघ्याचं नीट लिवा. माझ्यामागं दोन हजार बाया हायत." एकानं भटकी कुत्री लिहायला लावली, एकीनं पित्त, एकीनं मुलाचा मोबाइल. सगळ्यांना आपापल्या दोन हजारांची जबाबदारी वाटायला लागली होती.

आणि या फॉर्मात, बावीस नंबरला, कान होता. अक्कांनी तो चौकोन स्क्रीनवर बोट ठेवून पाहिला. बोटाचा ठसा अजून आहे.

"आता झालं बगा," त्या म्हणाल्या. "आमची गल्ली वर गेली की कान यादीत पैला. मग मशीन येणार, यांच्या कानाला लागणार. पोरगीचा फोन आला की मला मधी मधी सांगायला नको."

एकच अडचण होती. स्वतःच्या गल्लीत स्वतः सर्वेक्षण करायचं नाही असा नियम. म्हणून अक्कांना आठवडाभर दुसऱ्या वॉर्डात पाठवलं आणि गल्लीत आली नर्सिंगची पिंकी. नातेपुत्याची, शहरात नवीन, कामाला वाघीण. कान तपासायची पद्धत कार्डावर छापली होती. माणसाच्या मागं हातभर अंतरावर उभं राहायचं, हलक्या आवाजात तीन शब्द बोलायचे, त्यानं ते परत म्हणायचे. तीन आले तर कान चांगला, एकही चुकला तर खूण करायची.

शुक्रवारी पाच वाजता माहिती बंद होणार होती. मंगळवारी संध्याकाळी पिंकीचं काम संपलं. मी आकडे काढले. एकशे अठ्ठेचाळीस माणसं तपासली. कमी ऐकू येणारी, एक.

मॅडम खूश. "बघा, आपण उगाच काळजी करत होतो. इथल्या लोकांचे कान देशात सगळ्यात चांगले निघतील." ती एक म्हणजे मथुराबाई, मोतीबिंदूमुळं दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ न दिसणाऱ्या. मॅडम म्हणाल्या, वय झालं.

बुधवारी सकाळी अक्का आल्या. त्या आल्याचं मला फाटकाच्याही आधी, रस्त्यावरच कळलं.

"यांना पास कुणी केलं?"

"कुणाला?"

"आमच्या यांना! तीन पैकी तीन! काल पेढे वाटलेत गल्लीत. फस्क्लास आलो म्हणतेत!"

पिंकीला बोलावलं. ती बिचारी रडकुंडीला आली. "मी कार्डाप्रमाणंच करायला गेले होते मॅडम. पण मी मागं गेले की माणूस वळायचा. मी परत मागं, तो परत वळायचा. एका काकांभोवती तर मी पाच फेऱ्या मारल्या. काकूंनी विचारलं, लग्नाचं चाललंय काय. मग मी समोरच बसून घेतलं."

मी हसलो. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी कपाळावर हात मारला आणि खुर्चीत बसल्या. मी त्यांना खुर्चीत बसलेलं पहिल्यांदाच पाहत होतो.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "ह्यांनी ऐकलं न्हाई. वाचलं."

मॅडमना पटेना. हळू बोललेले शब्द ओठांवरून कसे वाचणार? अक्का उठल्या, बाहेर गेल्या आणि दहा मिनिटांत नरसय्यांना घेऊन आल्या. नरसय्या इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांना वाटलं, बक्षीस आहे.

अक्कांनी त्यांना मॅडमच्या समोर बसवलं, स्वतः त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, आता तुमी आवाजच काढू नका. नुसते ओठ हलवा."

मॅडमनी ओठ हलवले. आम्हाला पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

"आंबा," नरसय्या म्हणाले.

पुन्हा ओठ हलले. "खिडकी." पुन्हा. "पोस्टमन." आणि वर हसून, "सोपं देतेत मॅडम."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग मुद्दाम तिरकी मान करून, ओठांतल्या ओठांत काहीतरी लांबलचक वाक्य बोलल्या. नरसय्यांनी क्षणभर विचार केला. "पाण्याची टाकी धुवायला माणूस आला न्हाई म्हणतेत," ते म्हणाले. मॅडमच्या तोंडाकडं पाहून मी समजलो की ते बरोबर होतं. शून्य आवाजात माणूस शंभर टक्के पास झाला होता.

आणि मथुराबाईंचं कोडं तिथंच सुटलं. त्या बहिऱ्या एकट्या नव्हत्या. ज्यांना ओठ दिसत नव्हते अशा त्या एकट्या होत्या.

मॅडमनी वर फोन लावला. वरचे साहेब म्हणाले, शुक्रवारी पाचपर्यंत जे करायचं ते करा, पण लोकांना पाठमोरं बसवण्यावरून भांडणं नकोत. आता माणसं वळू नयेत म्हणून काय करायचं? पिंकी म्हणाली पडदा लावू. मी म्हटलं डोळे बांधू. मॅडमनी आम्हा दोघांकडं नुसतं पाहिलं.

अक्का खिडकीतून बाहेर बघत होत्या. एकदम म्हणाल्या, "करोनात आमच्या गल्लीत दोन वर्षं कुणी कुणाशी धड बोललं न्हाई. आमाला वाटलं भ्यालेत. व्हय की ओ! मास्क!"

स्टोअरच्या माळ्यावर मास्कचे अकरा खोके पडून होते. उंदरांनी एक खाल्ला होता, दहा शाबूत. मास्क लावून तपासायला फॉर्ममध्ये बंदी आहे का हे मी नियम काढून पाहिलं. नव्हती. म्हणजे समोर बसायचं, तोंड दाखवायचं, पण ओठ दाखवायचे नाहीत.

सगळी गल्ली तयार झाली. एक माणूस सोडून.

"माझं झालंय," नरसय्या म्हणाले. "एकदा पास झालेल्याची परत परीक्षा कुटं असती?" गुरुवारी त्यांनी दार लावून घेतलं. शुक्रवारी दुपारपर्यंत एकशे सत्तेचाळीस माणसं झाली होती. मी, मॅडम आणि पिंकी त्यांच्या दारात उभे होतो आणि घड्याळात साडेतीन झाले होते. मी म्हटलं, "अक्का, एका माणसानं काय फरक पडतो? यादी लागायची ती लागेल."

अक्कांनी मला उत्तर दिलं नाही. नरसय्यांना दिलं. त्यांच्या समोर गेल्या, तोंड दाखवलं आणि बोलल्या. आमच्यासाठी मराठीत बोलल्या असाव्यात, किंवा रागात त्यांना भाषेचं भान नसावं.

"तुमी काय एकटे हाय काय? दोन हजार हाय तुमी. दोन हजार माणसं टँकरपुढं चाललीत आणि तुमी त्यांचा शर्ट धरायचा सोडून पेढे वाटताय."

नरसय्यांनी दाराबाहेर गल्लीत दोन्हीकडं पाहिलं. मग म्हणाले, "मालकाला कळलं तर? भैरा जॉबर कोण ठेवणार?"

"फॉर्मात नाव दिसत नाही काका," मी म्हटलं. त्यांनी माझ्या ओठांकडं पाहिलं आणि मान हलवली. तेव्हा कुठं मला जाणवलं, की इतकी वर्षं हा माणूस माझ्याशी बोलताना माझ्या डोळ्यांत कधीच बघत नव्हता. मला ती त्यांची अदब वाटायची. स्वतःची लाज वाटली.

ते बसले. मॅडमनी मास्क लावला. पहिला शब्द. नरसय्या मास्ककडं बघत राहिले. दुसरा. त्यांनी मॅडमचे डोळे, भुवया, मान, सगळं निरखून पाहिलं. काही मिळतंय का बघत होते. तिसरा. मग त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "रेंज न्हाई."

कुणी हसलं नाही. अक्का आत जाऊन चहा ठेवू लागल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

चार वाजून पन्नास मिनिटांनी मी आकडा पाठवला. एकशे अठ्ठेचाळीस पैकी एक्याण्णव. वरून लगेच फोन आला, की तुमच्या ऑपरेटरकडून टंकनाची चूक झाली आहे. मी त्यांना जे बोललो ते माझ्या कंत्राटाच्या दृष्टीनं बरं नव्हतं, पण मला बरं वाटलं.

यादी लागायला सहा महिने गेले. कान त्यात नववा आला. पहिल्या आठांत काय होतं ते अक्कांनी विचारलंसुद्धा नाही. नववा का होईना, आला म्हणून केंद्रात पेढे वाटले, यावेळी खऱ्या निकालाचे. फुलाबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, कारण गुडघा बारावा होता.

पुढच्या उन्हाळ्यात केंद्रात कानाच्या तपासणीचं शिबिर झालं आणि नरसय्यांना मशीन मिळालं. डाव्या कानामागं बसवून तंत्रज्ञानं बटण फिरवलं. अक्कांनी समोर जाऊन नेहमीच्या पट्टीत विचारलं, "येतंय काय ऐकू?" नरसय्या खुर्चीतून अर्धे उठले. "ओरडतीस कशाला?" ते म्हणाले. अक्कांचं तोंड उघडंच राहिलं. मग त्या अगदी हळू काहीतरी म्हणाल्या. काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, नरसय्यांना आलं.

तिथून ते घरी गेले नाहीत. सरळ कारखान्यात गेले, मशीन दाखवायला. आम्ही मागोमाग. दारातून आत पाऊल टाकलं आणि ते कुणीतरी छातीत ढकलल्यासारखे थांबले. दोन्ही हात कानांवर गेले. त्याच आवाजात चाळीस वर्षं उभा राहिलेला माणूस भिंत धरून मेन स्विचपाशी गेला आणि त्यांनी स्विच खाली ओढला.

सगळे माग थांबले. इतकं शांत झालं की बाहेर रस्त्यावर भाजीवाली भाव सांगत होती तो ऐकू आला. आत वीस-पंचवीस माणसं. त्यांनी नरसय्यांकडं पाहिलं, एकमेकांकडं पाहिलं आणि विचारायला लागली, काय झालं, लाईट गेली का, कुणाला लागलं का. सगळ्यांचे ओठ भराभरा हलत होते, भुवया उडत होत्या, बोटं नाचत होती. आवाज कुणाचाच नव्हता. माग बंद आहेत हे त्यांच्या तोंडांना कळलंच नव्हतं.

नरसय्या त्या सगळ्यांकडं बघत राहिले. कानामागचं मशीन त्यांनी बोटानं चाचपलं, एकदा ठोकून पाहिलं, आणि वळून अक्कांना म्हणाले, "नागमणी, मशीन बिघडलं गं."

"मशीन नीट हाय," अक्का हळू म्हणाल्या.

मग त्यांनी पिशवीतून कानाच्या शिबिराचं रजिस्टर काढलं, वळसा घालून पहिल्या माणसाच्या समोर गेल्या, आणि त्याचं नाव विचारलं.